ओतीव म्हणून नाकारू नका

मूल तिरंदाजीच्या मैदानावर जायला लागलं की पालकाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला फुकट मिळतो. "कास्टिंगचा रायझर घेऊ नका. घ्यायचा तर सीएनसीचाच घ्या, नाहीतर पैसे जमेपर्यंत थांबा." सांगणारा कधी दुकानदार असतो, कधी प्रशिक्षक, कधी नुकतंच महागडं धनुष्य घेतलेला दुसरा पालक. सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणारा कारण विचारत नाही. पालघर किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मच्छीमाराला, बोईसरला एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला, डहाणू आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळेच्या शिक्षकाला त्यातला शेवटचा शब्द तेवढा लागू पडतो: थांबा. आणि बहुतेक वेळा थांबलेलं मूल पुन्हा मैदानावर येत नाही.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. ओतीव, म्हणजे कास्टिंगचा, रायझर मशिन केलेल्याच्या तोडीचा असतो, असं मी म्हणणार नाही; सरसकट तसं म्हणणंही खोटंच. पण 'ओतीव म्हणजे कमअस्सल, मशिन केलेला म्हणजे अस्सल' हा निवाडा ज्या कारणांवर उभा केला जातो, त्यातली अर्धी कारणं धातुशास्त्राला धरून नाहीत आणि उरलेली शिकाऊ मुलाच्या धनुष्याला लागू होत नाहीत.

रायझर म्हणजे रिकर्व्ह धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग. वरखाली दोन लिंब त्यावर बसतात, साइट, प्लंजर आणि स्टॅबिलायझर त्यालाच लागतात. प्रौढांसाठी २५ इंची रायझर सर्रास वापरतात, त्यावर मध्यम लांबीचे लिंब चढवले की ६८ इंची धनुष्य तयार होतं. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात रिकर्व्हचं वर्णन हँडल, रायझर आणि दोन लवचीक लिंब एवढंच आहे. रायझर ओतलेला असावा की कापलेला, याबद्दल अक्षर नाही. ओतीव रायझर करताना वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम डायमध्ये भरतात आणि लिंबाची खाच, बुशिंगची भोकं अशा मोजक्या जागा नंतर मशिनवर घेतात. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅल्युमिनियमची सळई, प्लेट किंवा फोर्जिंग घेऊन व्हीएमसीवर, म्हणजे सीएनसीच्या उभ्या मिलिंग यंत्रावर, सगळा आकार कापून काढतात. वाद या दोन वाटांचा आहे.

पहिला दावा ताठपणाचा. ओतीव रायझर 'मऊ' असतो, दोरी ओढली की वाकतो, म्हणून तीर भरकटतात, असं सांगितलं जातं. एखादी वस्तू भाराखाली किती वाकेल हे दोन गोष्टी ठरवतात: पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक आणि तुकड्याचा आकार. अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास सगळ्या मिश्रधातूंचा हा गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपास असतो. मशिनवर कापल्या जाणाऱ्या ६०६१ चा साधारण तेवढाच, विमानवाला म्हणून मिरवणाऱ्या ७०७५ चाही तेवढाच, आणि ओतकामाच्या ए३५६ चा उलट किंचित जास्त. उष्णता प्रक्रियेने मजबुती वाढते, ताठपणा वाढत नाही. तेव्हा एकाच आकाराचे दोन रायझर, एक ओतलेला आणि एक कापलेला, एकाच भाराखाली जवळजवळ सारखेच वाकतील. हातात एखादा ओतीव रायझर खरंच लवताना जाणवला, तर दोष त्याच्या आखणीचा आहे: तीर जिथून जातो त्या खिडकीपाशी धातू कमी ठेवला आहे किंवा वजन वाचवायला पोकळ्या जास्त काढल्या आहेत. अशी आखणी मशिनवरही तितकीच वाईट करता येते.

इथे इतिहास काढायला हरकत नाही. १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली. पुढे अमेरिकेच्या डॅरेल पेसने १९७६ आणि १९८४ अशी दोन वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली. त्या काळात वरच्या पातळीवर धातूची जी हँडलं चालत, त्यांत ओतीव मॅग्नेशियमचा मोठा भरणा होता. मॅग्नेशियमचा गुणांक सुमारे ४५ गिगापास्कल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. ज्या जातीच्या हँडलांवर एक आख्खी पिढी जगज्जेती झाली, त्याहून ताठ धातूचं हँडल आज नवापूरच्या बारा वर्षांच्या मुलीला 'मऊ' पडतं म्हणणं, हे नाचता येईना अंगण वाकडं यातलंच आहे. मशिन केलेल्या अ‍ॅल्युमिनियमने मैदान ताब्यात घेतलं ते १९९० च्या दशकात, सीएनसी यंत्रं सर्वत्र पोचल्यावर. संगणकावर रेखाटन बदललं की दुसऱ्या दिवशी नवा नमुना हातात, डाय बनवायचा खर्च नाही, ही सोय त्यामागे फार मोठी होती.

दुसरा दावा मोडण्याचा. हा दावा गंभीर आहे, आणि इथे समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. किती, ते आकड्यांत पाहू. ६०६१-टी६ चा धातू (टी६ म्हणजे उष्णता प्रक्रिया केलेला) सुमारे २७५ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो, ७०७५-टी६ सुमारे ५०० ला. डायमध्ये नुसत्या गुरुत्वाने ओतलेला ए३५६, ज्याच्या जवळचा मिश्रधातू आपल्याकडच्या फाउंड्रीत एलएम२५ नावाने ओळखतात, टी६ प्रक्रियेनंतर १६५ ते २०० पर्यंत जातो. दाबाने ओतायचा एडीसी१२ दीडशे-एकशेसाठच्या घरात. मोठा फरक ताणल्या जाण्याच्या क्षमतेत आहे: ६०६१ तुटण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त लांबतो, ए३५६ पाचेक टक्के, एडीसी१२ जेमतेम दोन-तीन. म्हणजे मशिन केलेला रायझर मोडायच्या आधी वाकून इशारा देतो, ओतीव बरेचदा देत नाही. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही.

पण धनुष्यात ताण येतो किती? ४० पाउंडांचं धनुष्य २८ इंच ओढलं, तर हाताच्या पकडीपाशी रायझरला वाकवणारं बलाघूर्ण साधारण ८५ न्यूटन-मीटर भरतं. त्या जागी रायझर २० मिलिमीटर जाड आणि ३५ मिलिमीटर खोल धरला, तर ताण येतो २१ मेगापास्कलच्या आसपास. तीर सुटल्यावर दोरी सरळ होताना जो झटका बसतो तो यापेक्षा मोठा असतो. हिशेबापुरता तो तिप्पट धरू, म्हणजे ६३. याच मापाने २४ पाउंडांच्या धनुष्यात, ज्यावर मुलं शिकतात, झटक्यासकट ताण ३८ च्या आसपास राहतो. हा टाचणावरचा हिशेब आहे, प्रयोगशाळेतला नाही. पण परिमाण समजायला पुरेसा आहे. कुठलाही मिश्रधातू एका ओढीत मोडण्यापासून फार दूर आहे.

एका ओढीत मोडत नाही, मग हजारो ओढींनंतर? अ‍ॅल्युमिनियम थकतं, आणि पोलादाला असते तशी थकव्याची ठाम खालची मर्यादा त्याला नाही. म्हणून कोट्यवधी आवर्तनांनंतर ते किती ताण सोसेल, हे आकडे पाहतात: ६०६१-टी६ साठी ९५ च्या पुढे, चांगल्या ओतीव ए३५६ साठी ६० च्या आसपास किंवा थोडे जास्त. आता वरचे ताण यांच्याशेजारी ठेवा. २४ पाउंडांचा ३८ हा ओतीव धातूच्या मर्यादेच्या बराच आत आहे. ४० पाउंडांचा ६३ त्या मर्यादेला टेकतो, ६०६१ च्या मात्र आत राहतो. दिवसाला २०० तीर आणि वर्षाला ३०० दिवस असा सराव करणाऱ्या खेळाडूचे वर्षाला ६० हजार तीर होतात. कोटींपासून ते दूर असले, तरी वरच्या पाउंडाला ओतीव धातूत सुरक्षिततेची फट अरुंद राहते. दिवसाला साठ तीर सोडणाऱ्या, २४ पाउंड ओढणाऱ्या मुलाचा प्रश्न निराळा आहे. 'ओतीव मोडतो' हे वाक्य अर्धवट आहे. किती पाउंडाला आणि किती तीरांनंतर, हे जोडल्याशिवाय ते बोलू नये.

इथे एक जण हमखास म्हणेल की आकडे स्वच्छ धातूचे आहेत, फाउंड्रीत धातू स्वच्छ असतो कुठे? बरोबर. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन घेतं. घट्ट होताना तो आत न मावल्याने बारीक भोकं पडतात. जाड जागा उशिरा थिजते आणि तिथे धातू आकसून पोकळी राहते. ओततानाची खळबळ ऑक्साइडचे पापुद्रे आत ओढते. एमआयडीसीत या सगळ्यांना मिळून 'ब्लो होल' म्हणतात, आणि बहुतेक ओतीव तुकडे मोडतात ते अशाच पोकळीशी. पोकळीच्या कडेला ताण दुप्पट-तिप्पट होतो, मग वरचा ३८ हा १०० च्या पुढेही जाऊ शकतो. शिवाय दाबाने ओतलेल्या तुकड्यात हवा कोंडलेली असल्यामुळे त्याला टी६ देता येत नाही. तापवल्यावर पृष्ठभागावर फोड येतात. गुरुत्वाने किंवा कमी दाबाने ओतलेल्याला देता येतो. म्हणजे दोन ओतीव रायझरांत जितका फरक असू शकतो, तितका कधीकधी ओतीव आणि मशिन केलेल्यात नसतो. मग 'ओतीव' एवढाच शिक्का पाहून निर्णय घेण्यात अर्थ काय?

शिक्क्यांबद्दल नवापूरकरांना दुसऱ्याने सांगायची गरज नाही. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारी पाइपलाइन त्यांच्याच किनाऱ्यावर समुद्राला मिळते, 'प्रक्रिया केलेलं' या नावाने. आणि मासळीच्या, पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. वस्तूवर काय लिहिलंय ते सोडून आत काय झालंय ते विचारायचं, हा धडा त्या गावाने महागात घेतला आहे. रायझरच्या बाबतीत तोच धडा दोन्ही बाजूंनी लावायला हवा.

तिसरा दावा सरळपणाचा. ओतीव रायझर वाकडा येतो, दोन लिंब एका रेषेत बसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम थिजून थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतं हे खरं. ६४० मिलिमीटर लांबीवर तो आकडा आठ मिलिमीटरचा होतो. शिवाय टी६ साठी गरम तुकडा पाण्यात बुडवला की तो पिळू शकतो. लिंबाची खाच एक दशांश अंशाने जरी कलली, तरी अर्ध्या मीटरवरच्या लिंबाच्या टोकाशी जवळपास एक मिलिमीटरची चूक दिसते. पण म्हणूनच कुठलाही शहाणा कारखाना खाच ओतून तशीच सोडत नाही. उष्णता प्रक्रिया झाल्यावर दोन्ही खाचा एकाच फिक्स्चरमध्ये, एकाच सेटिंगमध्ये मशिनवर घेतल्या की सरळपणा डायवर अवलंबून राहत नाही, तो व्हीएमसीवर अवलंबून राहतो. तेच यंत्र, तोच कटर. ज्या जागी अचूकपणा लागतो त्या जागा दोन्ही रायझरांत मशिन केलेल्याच असतात.

उलट मशिन केलेला रायझर आपोआप सरळ असतो ही समजूतही तपासायला हवी. साधारण ६४० × १०० × ४५ मिलिमीटरचा ठोकळा घेतला तर त्याचं वजन पावणेआठ किलो भरतं. त्यातून सव्वा किलोच्या आसपासचा रायझर निघतो. बाकी साडेसहा किलो धातू चिप होऊन पडतो. प्लेट लाटताना किंवा सळई दाबून काढताना आत कोंडलेले ताण एवढं मांस काढल्यावर मोकळे होतात आणि तुकडा धनुष्यासारखाच वळतो. ज्याने टूलरूममध्ये लांब पातळ जॉब क्लॅम्पमधून सोडल्यावर उडी मारताना पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. यावरचा उपाय म्हणजे ताणून मोकळी केलेली टी६५१ प्लेट घेणं, आधी खरवडून मग विश्रांती देऊन शेवटचा कट मारणं. हे करणारा चांगला रायझर देतो. न करणारा 'सीएनसी' हा शिक्का मारून वाकडा रायझर देतो. सीएनसी हे यंत्राचं नाव आहे, ते गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे.

चौथा दावा आवाजाचा आणि 'फील'चा. ओतीव रायझर हातात झिणझिणतो म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची स्वतःची कंपनं जिरवण्याची ताकद दोन्ही प्रकारांत नगण्य आहे. हातात जे जाणवतं ते वस्तुमान कुठे वाटलंय, लिंब किती जुळलेले आहेत, तीर किती हलका आहे आणि स्टॅबिलायझर कोणता आहे यावर ठरतं. फारच हलक्या तीराने महागडा रायझरही झणझणतो.

पाचवा दावा किमतीतून आपोआप निघतो: महाग आहे म्हणजे चांगला असणारच. किंमत ही बरेचदा संख्येची गोष्ट असते. डाय बनवायला काही लाख रुपये जातात. हजारो तुकडे काढले तर तो खर्च प्रत्येकावर थोडा थोडा बसतो आणि ओतीव रायझर स्वस्त पडतो. मशिनवर प्रत्येक रायझरला यंत्राचे तास आणि चिप होणारा धातू लागतो, पण डाय लागत नाही. उद्या बोईसरच्या एखाद्या शेडमध्ये कोणी आपल्या तालुक्यासाठी वीस रायझर करायला घेतले, तर त्याला ओतणं परवडणारच नाही, ठोकळा कापणंच स्वस्त पडेल. तिथे मशिन केलेला रायझर स्वस्त आणि ओतीव महाग ठरेल. किमतीचा क्रम असा उलटू शकतो. मग त्यालाच गुणांचा क्रम कसं मानायचं?

या किनाऱ्यावर राहणाऱ्याला जो प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा, तो मात्र या वादात क्वचितच ऐकू येतो: खाऱ्या हवेचा. नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात पितळ हिरवं पडतं आणि लोखंड खवल्याने सुटतं. अ‍ॅल्युमिनियमचं काय होतं ते त्यात मिसळलेल्या धातूवर ठरतं. तांबं जितकं जास्त तितकी खाऱ्या हवेत झीज जास्त. एडीसी१२ किंवा एलएम२४ सारख्या दाबाने ओतायच्या मिश्रधातूंत तांबं बरंच असतं. त्यांच्यावर अ‍ॅनोडायझिंगही नीट बसत नाही, काळपट डाग पडतात, म्हणून त्यांना रंग किंवा पावडर कोटिंग करतात. ते खरवडलं की तिथून पोखरण सुरू. पण एलएम२५ आणि एलएम६ या ओतीव मिश्रधातूंत तांबं अगदी कमी असतं आणि ते किनाऱ्यावर चांगले टिकतात. आता मशिनकडे या. ६०६१ वर अ‍ॅनोडायझिंग उत्तम बसतं, तो इथल्या हवेत सरस आहे यात वाद नाही. मात्र ज्या ७०७५ चं नाव घेऊन दुप्पट पैसे मागितले जातात, त्यात जस्त आणि तांबं दोन्ही भरपूर. मजबुतीत तो सगळ्यांच्या पुढे, गंजण्यात ६०६१ च्या मागे. समुद्रकिनाऱ्यावरच्या शाळेत ओरखडे पडणाऱ्या, मुलांच्या हातातून फिरणाऱ्या धनुष्यासाठी 'विमानाचा धातू' ही शिफारस ठरत नाही.

याच हवेत रायझर खरा कुठे मरतो, तर आट्यांत. स्टॅबिलायझरचे आणि प्लंजरचे आटे ५/१६-२४ मापाचे असतात. पोलादी बोल्ट मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरतो, मध्ये खारा ओलावा, आणि दोन वेगळ्या धातूंमध्ये विजेचा छोटा घट तयार होतो. काही महिन्यांत बोल्ट अडकतो, जोर लावला की आटे जातात. चांगल्या रायझरमध्ये, ओतीव असो वा कापलेला, या जागी स्टेनलेसचं बुशिंग किंवा हेलिकॉइल बसवलेलं असतं. हलक्यात आटे थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडतात. विकत घेताना हे डोळ्यांनी दिसतं, प्रयोगशाळा लागत नाही. सरावानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करणं आणि आट्यांना ग्रीसचं बोट लावणं, हे करणाऱ्याचा स्वस्त रायझर न करणाऱ्याच्या महागड्याहून जास्त जगेल.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा: जगात जिंकणारे ओतीव वापरतात का? नाही. आज वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे मशिन केलेले नाहीतर कार्बनचे रायझर वापरतात, आणि बरोबरच करतात. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तरी शिखर दूर नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला रिकर्व्ह खेळला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने त्याच स्पर्धेत अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. कंपाउंडचा तर प्रश्नच वेगळा: तिथे चाकांमुळे रायझरवर भार कितीतरी जास्त येतो, आणि वरचा हिशेब तिथे लावू नये. पण या नावांचा दाखला देऊन सात-आठ वर्षांच्या वाटचालीचा शेवट तिच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवणं हे तर्काला धरून नाही. ७० मीटरवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. ज्या मुलाचा खांदा अजून प्रत्येक तीराला वेगळ्या जागी जातो, त्याचा तीर रायझरच्या धातूमुळे त्याबाहेर जात नसतो. भारतातले कितीतरी तिरंदाज बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यावर, इंडियन राउंड या देशी प्रकारात सुरुवात करून पुढे आले. बांबू चालतो आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, हे कसलं शास्त्र?

शिवाय रायझरशी जन्मगाठ बांधायची नसते. हॉयट कंपनीने काढलेली लिंब बसवायची पद्धत आज आयएलएफ या नावाने जगभर चालते. एका कंपनीचा लिंब दुसऱ्या कंपनीच्या रायझरवर बसतो. मूल २४ पाउंडांवर ओतीव आयएलएफ रायझरने सुरुवात करू शकतं, ताकद वाढली की लिंब बदलू शकतं, आणि पस्तिशीच्या पुढे पाउंड गेले, सराव रोज शंभर-दोनशे तीरांचा झाला की रायझर बदलून मशिन केलेला घेऊ शकतं. साइट, प्लंजर, स्टॅबिलायझर, सगळं जसंच्या तसं पुढे जातं. म्हणून शाळेने रायझर घेताना पहिली अट 'सीएनसी' ही घालू नये, 'आयएलएफ' ही घालावी. ही अट न पाळणारा मशिन केलेला रायझर मुलाला कोपऱ्यात अडकवतो. पाळणारा ओतीव रायझर दार उघडं ठेवतो.

संख्येचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण 'स्वस्त म्हणून चालवून घ्या' हा युक्तिवाद मला करायचा नाही. वारली, मल्हार कोळी, कातकरी घरांतली मुलं तिरकामठ्याला नवखी नसतात, आणि त्यांना दुय्यम माल द्यावा असं म्हणणारा मी शेवटचा असेन. पण तिरंदाजी शिकायला धनुष्य हातात लागतं. तीस मुलांत दोन उत्तम धनुष्यं असली तर प्रत्येक मूल तासाभरात मोजके तीर सोडतं आणि उरलेला वेळ रांगेत घालवतं. त्याच पैशात चार-पाच सुस्थितीतली ओतीव धनुष्यं आली तर सराव दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. कौशल्य हे सोडलेल्या तीरांनी येतं. 'मशिन केलेलाच' हा आग्रह धरणारे प्रशिक्षक दर्जा राखत असल्याच्या समाधानात मुलांचे तीर कमी करत असतात.

दर्जा राखायचाच असेल तर तो खरेदीच्या कागदावर राखावा. रायझर आयएलएफ असावा. मिश्रधातूचं नाव आणि उष्णता प्रक्रिया कोटेशनवर लिहून मागावी. ज्याला नाव सांगता येत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये, सीएनसीसुद्धा. ओतीव असेल तर टी६ केलेला, कमी तांब्याचा. एडीसी१२ च्या दाबाच्या ओतकामाला साफ नकार. आट्यांत स्टेनलेसचं बुशिंग. दोन्ही खाचांचे पृष्ठ मशिन केलेले आणि रंगाविना. माल आल्यावर प्रत्येक धनुष्य दोरी चढवून मागून पाहावं; दोरी दोन्ही लिंबांच्या मधून आणि रायझरच्या मधून एका रेषेत गेली पाहिजे. जात नसेल तर वरखालचे लिंब अदलाबदल करावेत: चूक लिंबाबरोबर फिरली तर लिंब वाकडा, जागेवर राहिली तर रायझर वाकडा, तो परत पाठवावा. खाचेच्या कोपऱ्यात आणि बोल्टच्या भोवती रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड फासली की भेगेतलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. बोईसरच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपला हे ठाऊक आहे, आणि डाय पेनिट्रंटचे डबेही तिथे मिळतात. ही तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि रिकामी दोरी सोडली गेली असेल तर त्याच दिवशी व्हावी. तीराविना दोरी सुटली की सगळी ऊर्जा धनुष्यातच जिरते, आणि तिथे ओतीव धातूचं ठिसूळपण खरोखर महागात पडतं.

एवढं करणाऱ्या शाळेला ओतीव रायझर घ्यायला घाबरायचं कारण नाही, आणि एवढं न करणाऱ्या शाळेला मशिन केलेला रायझरही वाचवणार नाही. पुढच्या वेळी कोणी "कास्टिंग नको" म्हणाला तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात: मिश्रधातू कोणता, टी६ आहे का, धनुष्य किती पाउंडांचं, आणि तपासलं कोणी? चारही उत्तरं देऊन मग तो नको म्हणाला, तर त्याचं ऐकावं. उत्तरं न देताच 'थांबा' म्हणाला, तर न थांबता मुलांच्या हाती धनुष्य द्यावं.